गळाची दोरी आणि तिचा इतिहास : खानदेशातून एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजकीय घडामोडींना जेवढे स्थान मिळाले, तेवढे सामान्य माणसाच्या हातातील साधनांना मिळाले नाही. मासेमारीची दोरी हे असेच एक दुर्लक्षित साधन होय. ट्राउट माशासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रिळावर कोणती फ्लाय लाइन घ्यावी व तिच्याखाली किती बॅकिंग गुंडाळावे, हा प्रश्न वरकरणी केवळ छंदाचा वाटतो. तथापि त्याचे उत्तर रेशीम, कापूस व कृत्रिम धागा यांच्या इतिहासातून घडले असून त्या इतिहासाचा एक पदर खानदेशापर्यंत पोहोचतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ट्राउट, महासीर आणि नोंदींचे स्वरूप

ट्राउट हा भारताचा मूळ मासा नव्हे. काश्मीरमध्ये १९०० साली एफ. जे. मिचेल यांनी, तर निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांनी तो रुजविला. त्यास थंड पाणी लागते. मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, या तालुक्यात चांगदेव येथे तापी व पूर्णा यांचा संगम होतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या प्रदेशात ट्राउट तग धरणे शक्य नाही. सपाट प्रदेशातील इंग्रज अधिकाऱ्यांनी म्हणूनच महासीरचा पाठपुरावा केला. एच. एस. थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला तो याच परंपरेतून. तत्पूर्वी १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना महासीरच्या एका जातीस ‘खुद्री’ हे स्थानिक बोलीतील नाव दिले. मराठी मच्छीमाराचा शब्द अशा रीतीने शास्त्रीय नामावलीत टिकला. त्याच्या दोरीची नोंद मात्र कोणी तेवढ्या काळजीने केली नाही.

रेशमापासून प्लॅस्टिकपर्यंत

युरोपात आरंभी घोड्याच्या केसांची व पुढे विणलेल्या, तेल पाजलेल्या रेशमाची दोरी प्रचलित झाली. रेशमी दोरी वापरानंतर रिळावरून उतरवून वाळवावी लागे, अन्यथा ती कुजत असे. १९३५ साली ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन सिद्ध केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या आल्या. पूर्वी दोरीची जाडी अक्षरांनी दर्शविली जाई. नव्या पदार्थांमुळे जाडी व वजन यांचा मेळ बसेना, म्हणून १९६० च्या सुमारास अमेरिकेत वजनावर आधारित क्रमांकपद्धती स्वीकारण्यात आली. दोरीच्या पुढील ३० फुटांचे वजन हा तिचा निकष होय. क्रमांक ३ साठी १००, ४ साठी १२० व ५ साठी १४० ग्रेन, म्हणजे अनुक्रमे सुमारे ६.५, ७.८ व ९.१ ग्रॅम.

निवडीचे तर्कशास्त्र

कृत्रिम माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. ती दूर फेकली जाते ती दोरीच्या वजनामुळे. म्हणून दोरीचा क्रमांक प्रथम काठीशी जुळावा लागतो, रिळाचा विचार नंतर. छोट्या ट्राउट रिळास सामान्यतः ३ ते ५ क्रमांकाची दोरी योग्य ठरते. ती सुमारे २७ मीटर लांब असते. तिच्याखालील बॅकिंग तीन कार्ये करते : मासा दूर धावल्यास राखीव लांबी पुरविते, रिळाचा गाभा भरून प्रत्येक फेऱ्यास अधिक दोरी आत घेते, आणि मुख्य दोरीस घट्ट वेटोळ्यांची सवय लागू देत नाही. सुमारे ९ किलो ताण सोसणारे विणलेले डेक्रॉन येथे पुरेसे असते. त्याहून बारीक धागा अधिक लांबीचा मावतो खरा, परंतु तो ताणाखाली आपल्याच थरांत रुततो व बोटही कापतो. लांबी ठरविण्याची निश्चित रीत अशी : आधी मुख्य दोरी व तिच्यावर बॅकिंग गुंडाळावे, कडेपासून थोडी जागा राखून ते तोडावे आणि मग सर्व उलटे भरावे.

खानदेशाचा धागा

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. त्याचा शोध १९४१ मध्ये व्हिनफिल्ड व डिक्सन यांनी लँकेशायरमधील कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत लावला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, याच लँकेशायरच्या गिरण्यांच्या मागणीने खानदेशी कापसाचा भाव चढला होता. ज्या उद्योगाने येथील कापूस ओढून नेला, त्याच उद्योगाने पुढे कापसाला प्रतिस्पर्धी धागा दिला. १९५७ मध्ये कोची येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि त्यानंतरच्या दशकांत देशभर सुती व तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या हतनूर धरणाने तापी-पूर्णेच्या वाहत्या पात्राचे जलाशयात रूपांतर केले. साधन व पाणी ही दोन्ही एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत बदलली.

निष्कर्ष

छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या दोरीचा क्रमांक, वजन व लांबी यांची तपशीलवार नोंद उपलब्ध आहे. उपजीविकेसाठी वळलेल्या दोरीची तशी नोंद नाही. ही तफावत साधनांच्या महत्त्वाची नसून नोंद ठेवणाऱ्यांच्या स्थानाची आहे. ताग कसा भिजवावा, सूत किती पदरी वळावे, कोणत्या पाण्यास कोणते जाळे चालावे, हे ज्ञान आता केवळ वृद्ध मच्छीमारांच्या स्मरणात उरले आहे. संगमाच्या परिसरातील महाविद्यालयांनी इतिहास, प्राणिशास्त्र व मराठी या विभागांच्या सहकार्याने मौखिक इतिहासाचे संकलन त्वरित हाती घेणे आवश्यक आहे. कागदपत्रे पुढील पिढीतही वाचता येतील. हे साक्षीदार मात्र तोवर असणार नाहीत.