रोगनामांतील ग्रीक प्रत्यय

वैद्यकीय अहवालांतील अनेक संज्ञांच्या अंती ग्रीक प्रत्यय असतात. 'आयटिस' म्हणजे दाह, 'अल्जिया' म्हणजे वेदना, 'एक्टोमी' म्हणजे छेदून काढणे आणि 'ओमा' म्हणजे बहुधा गाठ. मूळ ग्रीकमध्ये 'आर्थ्रायटिस' हे 'सांध्यांचा' अशा अर्थाचे विशेषण होते. दाहाचा अर्थ त्यास पुढे चिकटला. युरोपीय भाषांनी हे प्रत्यय किंचित रूपभेदाने स्वीकारले. इंग्रजीतील 'हिपॅटायटिस' फ्रेंचमध्ये 'एपातीत', तर इटालियनमध्ये 'एपातीते' होतो. लॅटिन शब्दांनाही हे प्रत्यय जोडले गेले. अमेरिकी वैद्य रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये रूढ केलेला 'अपेंडिसायटिस' हा असाच संकर आहे. मराठीत हेच कार्य यकृतदाह, शिरःशूल यांसारखे संस्कृत सामासिक शब्द करतात.

हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. औपचारिक शिक्षण नसलेल्या महिलाही तेथे आरोग्यसेविका म्हणून घडल्या. आरोग्यज्ञान सोप्या बोलीतून पोहोचू शकते, हे त्यातून दिसले.

अहवाल मात्र आजही इंग्रजीतच हाती पडतो. 'लायपोमा' ही चरबीची सहसा निरुपद्रवी गाठ, 'मेलानोमा' हा त्वचेचा घातक कर्करोग, तर 'ग्लॉकोमा' म्हणजे काचबिंदूत गाठच नसते. प्रत्यय एकच, धोका मात्र भिन्न. म्हणूनच केवळ शब्दाच्या शेवटावरून घाबरू नये वा निर्धास्तही राहू नये. डॉक्टरांकडून अर्थ मराठीत समजून घ्यावा.