ए-८२ : लॉख लोमंडच्या काठचा रस्ता

स्कॉटलंडमधील ग्लासगो ते इन्व्हर्नेस या सुमारे २७० किलोमीटरच्या ए-८२ महामार्गाचा बॅलॉख ते आर्डलुई हा साधारण ४० किलोमीटरचा टप्पा लॉख लोमंड सरोवराच्या पश्चिम काठाने जातो. सुमारे ७१ चौरस किलोमीटरचे हे सरोवर क्षेत्रफळाने ग्रेट ब्रिटनमध्ये सर्वांत मोठे आहे. रस्त्याची ख्याती निसर्गरम्य सफरीची. पण पश्चिम हायलँड्सकडे जाणारी मुख्य वाट हीच असल्याने लाकडाचे ट्रकही याच मार्गाने जातात.

रस्त्याचे रूप भूगर्भाने ठरवले आहे. सरोवराचा दक्षिण भाग हायलँड सीमाभ्रंशाने छेदलेला आहे. तिथे पाणी रुंद पसरते, बेटे विखुरलेली आहेत आणि काठाला सपाट जमीन आहे. त्यामुळे टार्बेटपर्यंतचा रस्ता प्रशस्त करता आला. मात्र लस हे टुमदार गाव वळणरस्त्यामुळे बाजूला पडले. उत्तरेकडे हिमनदीने कोरलेली अरुंद घळ आहे, खोली सुमारे १९० मीटरपर्यंत. टार्बेटच्या पुढे एका बाजूला कडा, त्यावर १८९४ मध्ये सुरू झालेला वेस्ट हायलँड लोहमार्ग आणि खाली थेट पाणी. या चिंचोळ्या पट्टीवर बस आणि ट्रक समोरासमोर आले की एकाला थांबावेच लागते. पुलपिट रॉकजवळ तर रस्ता इतका अपुरा होता की तीस वर्षांहून अधिक काळ सिग्नल लावून आळीपाळीने वाहने सोडली जात. २०१५ मध्ये कड्यालगत पाण्यावरून पूल बांधल्यावर ती रखडपट्टी संपली.

टार्बेट आणि ॲरोखार यांच्यामधली जमीन जेमतेम अडीच किलोमीटरची आहे. १२६३ मध्ये नॉर्स लोकांनी आपली जहाजे समुद्राच्या खाडीतून याच पट्टीवरून ओढत सरोवरात आणली आणि काठची गावे लुटली. पुढे इन्व्हरउग्लस येथे डोंगरउतारावरून खाली आलेले जाडजूड नळ दिसतात. ते १९५० मध्ये सुरू झालेल्या स्लॉय जलविद्युत केंद्राचे. पलीकडच्या काठावर ९७४ मीटर उंचीचा बेन लोमंड आहे. त्या काठाला मोटाररस्ता रोवारडेनन येथे संपतो, पुढे फक्त पायवाट.

काठावरच्या ओकच्या झाडीमुळे बऱ्याच ठिकाणी पाणी तुकड्यातुकड्यांनीच दिसते. चालकाला तर तेही नीट पाहता येत नाही, कारण उत्तर भागात नजर रस्त्यावरून हलवणे धोक्याचे. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे उत्तरेला जाताना गाडी डोंगराच्या बाजूला राहते आणि दक्षिणेला परतताना पाण्यालगत. डाव्या खिडकीशी बसलेल्याला खरा देखावा परतीच्या वाटेवरच मिळतो.