मनातील व्यभिचार

मनातील व्यभिचार : ख्रिस्ती नीतिविचारातील एक संकल्पना. परस्त्री वा परपुरुष यांच्याविषयीची कामवासना मनात जाणूनबुजून जोपासणे हाही व्यभिचारविषयक आज्ञेचा भंग होय, असा तिचा आशय आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात (५:२७–३०) येशू ख्रिस्ताने ही शिकवण दिली. मनातील वासना आणि प्रत्यक्ष व्यभिचार ही सारखीच पापे आहेत काय, हा प्रश्न तिच्यातून उभा राहिला. बहुतेक ख्रिस्ती परंपरांचे उत्तर असे की, ही दोन्ही पापे एकाच जातीची आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. आपोआप उठलेला आणि मनाने न स्वीकारलेला विचार पाप ठरतो काय, याविषयी मात्र कॅथलिक पंथ आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारक यांच्यात मतभेद आहेत.

बायबलमधील आधार : दहा आज्ञांपैकी एक आज्ञा व्यभिचार निषिद्ध ठरवते, तर दुसरी शेजाऱ्याच्या पत्नीचा लोभ धरण्यास मनाई करते (निर्गम २०:१४, १७). कृती आणि इच्छा या दोहोंचा विचार मोशेच्या नियमशास्त्रातच झालेला होता, असा याचा अर्थ. ज्यू, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरांत या सातव्या व दहाव्या आज्ञा मानल्या जातात. कॅथलिक गणनेत त्या सहाव्या व नवव्या ठरतात. म्हणून गोवा-वसईचे कॅथलिक ज्या पापाला सहाव्या आज्ञेविरुद्धचे पाप म्हणतात, तेच महाराष्ट्रातील बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सातव्या आज्ञेखाली शिकवले जाते.

प्रत्यक्ष व्यभिचारासाठी नियमशास्त्रात दोघांनाही देहदंड सांगितला आहे (लेवीय २०:१०). मनातील इच्छेला मात्र कोणतीच न्यायालयीन शिक्षा नाही; तिचा निवाडा देवाकडे आहे. आपण आपल्या डोळ्यांशी करार केला आहे, असे ईयोब सांगतो (३१:१). परस्त्रीच्या सौंदर्याचा मनात अभिलाष धरू नये, असे नीतिसूत्रांत बजावले आहे (६:२५). दावीद राजाने गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा पाहिली. पाहण्याचे पर्यवसान व्यभिचारात आणि शेवटी तिचा पती उरीया याच्या हत्येत झाले (२ शमुवेल ११). नजर, इच्छा, कृती आणि ती कृती झाकण्यासाठी दुसरा अपराध, अशी पापाची सारी साखळी या कथेत दिसते.

नव्या करारात येशू हाच धागा पुढे नेतो : जो कोणी स्त्रीकडे वासनेने पाहतो, त्याने आपल्या मनात तिच्याशी व्यभिचार केलाच आहे (मत्तय ५:२८). व्यभिचाराविषयी बोलण्याआधी तो खून आणि राग यांचा संबंध सांगतो (मत्तय ५:२१–२२). वाईट विचार, व्यभिचार, खून ही माणसाच्या अंतःकरणातूनच बाहेर येतात, असे मार्कच्या शुभवर्तमानात तो म्हणतो (७:२१–२३). याकोबाच्या पत्रात (१:१४–१५) वासना गरोदर होऊन पापाला जन्म देते आणि पाप परिपक्व होऊन मरण आणते, असा क्रम दिला आहे. येथे वासना आणि पाप यांत टप्पे मानले आहेत, ही गोष्ट पुढील चर्चेत फार महत्त्वाची ठरली.

वचनाचा अर्थ : मत्तयातील या वचनाच्या (५:२८) मूळ ग्रीक वाक्यरचनेत हेतूचा अर्थ आहे. स्त्री दृष्टीस पडणे किंवा ती सुंदर आहे असे वाटणे याविषयी हे वचन नाही. वासना जागवण्याच्या हेतूने पाहणे हा त्याचा विषय आहे. चर्चपिता जॉन क्रिसोस्टम (सु. ३४७–४०७) यांनी मत्तयावरील प्रवचनांत हा भेद स्पष्ट केला. पाहण्यासाठीच देवाने डोळे दिले आहेत. दोष आहे तो टक लावून वासनेला खतपाणी घालण्याची सवय लावून घेण्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

वचनाचा आणखी एक पैलू दुर्लक्षिला जाऊ नये. प्राचीन इस्राएलच्या कायद्यात व्यभिचार हा मुख्यतः दुसऱ्या पुरुषाच्या पत्नीशी निगडित अपराध होता. येशू मात्र पाहणाऱ्या पुरुषाला जबाबदार धरतो. स्त्रीने कसे वागावे, काय नेसावे याविषयी या वचनात एक शब्दही नाही. मोह पाडला म्हणून तिला दोष देण्याची वाट येथे बंद होते. नजर ज्याची, उत्तरही त्यानेच द्यायचे.

पापास कारण होणारा डोळा उपटावा, हात तोडावा ही पुढची वाक्ये निर्धाराची तीव्रता दाखवणारी अतिशयोक्ती आहे, असा बहुतेक भाष्यकारांचा अभिप्राय आहे. ओरिजेन या तिसऱ्या शतकातील पंडिताने शुभवर्तमानातील दुसऱ्या एका वचनाचा (मत्तय १९:१२) शब्दशः अर्थ घेऊन स्वतःचे खच्चीकरण केले, असे इतिहासकार युसीबिअस लिहितो. इ. स. ३२५ मधील नायसिआच्या परिषदेने आपल्या पहिल्याच नियमाने स्वतःच्या हाताने असे करून घेणाऱ्यास धर्मगुरुपद नाकारले. देहाचा अवयव तोडून मनातील वासना तुटत नाही, ही समज चर्चला त्या काळीच आली होती.

संमतीचा निकष : या प्रश्नाला सर्वांत स्पष्ट रूप दिले ते संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. डोंगरावरील प्रवचनावरील भाष्यात (सु. ३९४) त्यांनी पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : सूचना, सुख आणि संमती. आठवणीतून किंवा इंद्रियांतून सूचना येते, तिच्यात मनाला सुख वाटते आणि मग इच्छाशक्ती होकार देते. होकार मिळाला की पाप अंतःकरणात पुरे झाले, मग ते कृतीत उतरो वा न उतरो. अंतःकरणातील, कृतीतील आणि सवयीचे असे पापाचे तीन प्रकार मानून त्यांनी येशूने उठवलेल्या तीन मृतांशी त्यांची सांगड घातली. याईराची मुलगी घरातच होती, नाईन गावच्या विधवेचा मुलगा वेशीबाहेर नेला जात होता, तर लाजर थडग्यात होता. तिघेही मृत, पण मरण उत्तरोत्तर दूर गेलेले. जात एक पण तीव्रता वेगळी, हे उत्तर या मांडणीत आलेले आहे.

हाच निकष ऑगस्टीन यांनी उलट बाजूनेही लावला. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा बलात्कार झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांना काही लोक दूषण देत होते. ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ऑगस्टीन यांनी प्रतिपादले की, शुचिता हा मनाचा गुण आहे; मनाने संमती दिली नसेल, तर दुसऱ्याच्या अत्याचाराने ती नष्ट होत नाही. संमती हा निकष विचारात रमणाऱ्याला दोषी ठरवतो आणि अत्याचार सोसणारीला निर्दोष ठरवतो. या शिकवणीचे नैतिक मोल येथे सर्वांत ठळकपणे दिसते.

पूर्वेकडील मठपरंपरेने विचारांचा असाच बारकाईने अभ्यास केला. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) यांनी आठ दुष्ट विचारांची यादी केली, कामविचार हा त्यांपैकी एक. असे विचार येणे आपल्या हाती नाही, ते मनात रेंगाळू द्यायचे की नाही हे मात्र आपल्या हाती आहे, अशी त्यांची शिकवण होती. सिनाई येथील मठाधिपती जॉन क्लायमॅकस यांनी सातव्या शतकाच्या सुमारास विचाराचा प्रथम स्पर्श, त्याच्याशी संवाद, संमती, बंदिवास, झुंज आणि जडलेला विकार अशा अवस्था वर्णिल्या. पहिला स्पर्श निर्दोष मानला गेला. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही आध्यात्मिक मार्गदर्शनाचा हा पाया आहे.

मध्ययुगीन वाद : विचार आणि कृती अगदी समान होत, या मताच्या सर्वांत जवळ पीटर ॲबेलार्ड (१०७९–११४२) हा फ्रेंच विचारवंत गेला. त्याच्या मते इच्छा हे पाप नव्हे, कृती हेही नव्हे. देवाचा अवमान करण्यास दिलेली संमती हेच पाप. संमतीनंतर घडलेल्या कृतीमुळे दोषात भर पडत नाही. समाज कृतीला शिक्षा देतो, कारण मन फक्त देवाला दिसते.

संत टॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) यांनी वेगळे उत्तर दिले. विषयसुखाच्या कल्पनेत मुद्दाम रेंगाळणे आणि त्या सुखाला संमती देणे हे गंभीर पाप होय, हे त्यांना मान्य होते. मात्र एखाद्या विषयाचा अभ्यास म्हणून विचार करण्यातील आनंद आणि विचारातल्या गोष्टीविषयीचा आनंद यांत त्यांनी फरक केला. सगळी पापे सारखी असतात, हे प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांचे मत त्यांनी नाकारले. इच्छा कृतीत उतरताना ती अधिक काळ टिकते, अधिक तीव्र होते. शिवाय इतरांना झालेल्या हानीने पापाचे वजन वाढते, असे त्यांनी दाखवले.

कॅथलिक व प्रॉटेस्टंट भूमिका : कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६ मध्ये ठरवले की, बाप्तिस्म्यानंतरही माणसात उरणारी वासनेची ओढ ही पापातून आलेली आणि पापाकडे नेणारी असली, तरी ती स्वतः खऱ्या अर्थाने पाप नव्हे. १५५१ मध्ये याच परिषदेने मनातील गुप्त गंभीर पापेही पापनिवेदनात सांगणे बंधनकारक केले; ती कधीकधी उघड पापांहून आत्म्याला अधिक घायाळ करतात, असेही नमूद केले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि हेतुपुरस्सर संमती या तिन्ही गोष्टी असतील, तरच पाप प्राणघातक ठरते.

मार्टिन ल्यूथर व जॉन कॅल्व्हिन या धर्मसुधारकांना ही ओढदेखील पापच वाटली. इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकी नववे कलम याच मताचे आहे. या भूमिकेमागे खोल कारण आहे : स्वतःच्या शुद्धतेच्या बळावर कोणीही देवापुढे उभा राहू शकत नाही, म्हणून सर्वांना कृपेची गरज आहे. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (१५६३) व्यभिचाराच्या आज्ञेखाली अशुद्ध विचार व इच्छाही मोडतात. तरीही धर्मसुधारकांच्या परंपरेने पापांना एका मापाने मोजले नाही. सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टरची मोठी प्रश्नोत्तरी सर्व अपराध सारखेच घोर नाहीत असे सांगते. आणि मनातच न राहता शब्दांत व कृतीत बाहेर पडणे, तसेच भरपाई होऊ न शकणे, ही पाप अधिक घोर होण्याची कारणे म्हणून देते.

समान की असमान : पाप कोठे जन्मते, या दृष्टीने पाहिले तर दोन्हींत साम्य आहे. निष्ठा मनात मोडते आणि दुसरी व्यक्ती उपभोगाची वस्तू बनते. परिणामांच्या दृष्टीने मात्र मोठे अंतर आहे. प्रत्यक्ष व्यभिचारात विवाहाचे वचन देहानेही मोडले जाते, जोडीदाराची फसवणूक होते, दुसऱ्या व्यक्तीला आणि मुलांनाही झळ पोहोचते. व्यभिचाराच्या कारणाखेरीज पत्नीला सोडू नये, हे मत्तयाचे अपवादवचन (५:३२) केवळ मनातील वासनेला लागू होते, असे मुख्य प्रवाहातील चर्च मानत नाही.

विचार आणि कृती सारखीच, असे सरसकट म्हटल्याने दोन टोकांचे अनर्थ होतात. पहिला, विचार आलाच आहे तर कृतीने काय बिघडते, ही पळवाट. ती येशूच्या हेतूच्या नेमकी उलट आहे. पाप कृतीत उतरण्याआधीच मुळाशी आवरावे, यासाठी हे वचन आहे. दुसरा अनर्थ म्हणजे प्रत्येक क्षणिक विचाराला महापाप समजून स्वतःला छळणे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशिअस लोयोला यांना स्पेनमधील मानरेसा येथे १५२२ च्या सुमारास पापांविषयीच्या अशा शंकांनी ग्रासले होते. पुढे त्यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात अतिशंकी मनासाठी सूचना लिहिल्या. अशा माणसाला आणखी भय घालणे हे धर्मोपदेशाचे काम नव्हे.

आधुनिक काळ : अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर यांनी १९७६ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाच्या मुलाखतीत आपण मनाने अनेकदा व्यभिचार केला आहे असे सांगितले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. बॅप्टिस्ट श्रद्धेत वाढलेल्या माणसाची ती साधी कबुली होती : मी इतरांहून नीतिमान नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळातील बुधवारच्या प्रवचनांत या वचनावर विस्ताराने विवेचन केले. पुरुष स्वतःच्या पत्नीकडेही केवळ वासना शमवण्याचे साधन म्हणून पाहत असेल, तर तोही मनातील व्यभिचार होय, हे त्यांचे ८ ऑक्टोबर १९८० चे प्रतिपादन वृत्तपत्रांत गाजले. विवाह हा वासनेचा परवाना नसून व्यक्तीचा आदर विवाहातही बंधनकारक आहे, असा त्याचा आशय होता.

मोबाइल आणि इंटरनेट यांमुळे अश्लील चित्रफिती सहज उपलब्ध झाल्यावर या वचनाची निकड वाढली आहे. हेतुपुरस्सर पाहणे, रमणे आणि सवय जडणे हा ऑगस्टीन यांनी दाखवलेला क्रम येथे जसाच्या तसा लागू पडतो. व्यवहारात बहुतेक चर्च तीन स्थितींत फरक करतात. आलेल्या विचाराकडून मन वळवावे. जोपासलेल्या वासनेबद्दल पश्चात्ताप करून क्षमा मागावी. आणि प्रत्यक्ष व्यभिचारानंतर पश्चात्तापाबरोबरच दुखावलेल्या जोडीदाराप्रती असलेली जबाबदारीही उचलावी. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगड मारू पाहणाऱ्यांना येशूने आधी स्वतःच्या पापाकडे पाहायला लावले आणि तिला पुन्हा पाप न करण्यास सांगून सोडले (योहान ८:१–११). मनातील व्यभिचाराची शिकवणही प्रथम स्वतःला तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मनावर निवाडा देण्याचा अधिकार ती कोणालाही देत नाही.