संशयाची वंशावळ

सौसरहून छिंदवाड्यामार्गे उत्तरेस गेले की नरसिंहपूर लागते. सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ साली तो मुलूख भोसल्यांकडून कंपनी सरकारकडे गेला. सौसर-पांढुर्णा मात्र १८५३ पर्यंत नागपूरच्या राज्यात राहिले. १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूरचा कारभार विल्यम स्लीमन यांच्याकडे होता. जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी ती आपणांस कळल्यावाचून राहत नाही, अशी त्यांची खात्री होती. पुढे उघडकीस आले की, त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावी, ठगांची टोळी सुखेनैव नांदत होती. आणि एका मजलेवरील मंदेसरच्या आमरायांत कित्येक वाटसरूंची प्रेते पुरलेली होती. गावात मिळूनमिसळून राहणारा मनुष्य खुनी असेल, ही शंकाच अधिकाऱ्यांच्या मनाला शिवली नव्हती.

१८३० च्या सुमारास फिरंगिया हा ठगनायक हाती लागला व माफीचा साक्षीदार झाला. त्याने दाखविलेल्या जागा उकरताच प्रेते निघाली. साक्षीदारांचे जबाब निरनिराळे घेऊन ते ताडून पाहण्याची स्लीमन यांची पद्धत त्या काळी मोलाची होती. परंतु ज्याचा जीव जबाबावरच तगलेला, त्याला नावे सांगण्यातच हित दिसणार, हा दोष तीत राहिलाच. शिवाय स्लीमन यांनी ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी सिद्ध केल्या. टोळ्यांत नाना जातिधर्मांचे लोक असूनही ठगी हा रक्तातून उतरणारा धंदा ठरला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर विशिष्ट खून शाबीत होण्याची गरजच उरली नाही. टोळीशी संबंध सिद्ध झाला की जन्मठेप.

पूर्वी संशय शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. आता तो पाळण्यापर्यंत पोहोचला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढविली. हजेरी व परवाना यांवाचून त्यांना हिंडणे-फिरणे अशक्य झाले. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा रद्द झाला व त्या जमाती विमुक्त झाल्या.

लोकांच्या मनातील नोंदवही मात्र मिटली नाही. पांढुर्ण्यालगतच्या मुलताई तालुक्यात, चौथिया येथे, सप्टेंबर २००७ मध्ये एका खुनाच्या संशयावरून पारध्यांची संपूर्ण वस्ती जाळण्यात आली. खून कोणी केला, हा प्रश्न बाजूला पडून कोण कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच पाहिले गेले. ही चूक सुधारण्याचे काम कायद्याने अर्धेच केले. उरलेले अर्धे समाजाकडे आहे.