स्वयंचलित दंतचक्रपेटी, मोटारगाडीची

स्वयंचलित दंतचक्रपेटी : मोटारगाडीचा वेग व तिच्यावरील भार यांनुसार एंजिन आणि चाके यांमधील दंतचक्रांचे गुणोत्तर चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय बदलणारी यंत्रणा. व्यवहारात तिला ‘ऑटोमॅटिक गिअर’ असे म्हणतात. ही यंत्रणा प्रथम महागड्या मोटारींत रूढ झाली व तेथून हळूहळू सामान्य वाहनांत आली. तिचा इतिहास हा एखाद्या एकाच शोधाचा इतिहास नाही. एंजिन व चाके धक्का न बसता कशी जोडावयाची, शक्तीचा प्रवाह न तोडता गुणोत्तर कसे बदलावयाचे आणि ते केव्हा बदलावयाचे हे कोणी ठरवावयाचे, अशा तीन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या काळी मिळत गेली व त्यांच्या संयोगातून ही यंत्रणा सिद्ध झाली. यांपैकी पहिले दोन प्रश्न यांत्रिक रचनेचे आहेत. तिसरा प्रश्न चालकाच्या निर्णयशक्तीचा असून तो यंत्राकडे सोपविण्यास सर्वांत अधिक काळ लागला.

गरज : वाफेचे एंजिन किंवा विद्युत् चलित्र स्थिर अवस्थेपासूनच पुरेसा पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, देऊ शकते. अंतर्ज्वलन एंजिनाचे तसे नाही. ते ठराविक फेऱ्यांच्या खाली बंद पडते आणि त्याचा उपयुक्त पीळ फेऱ्यांच्या मर्यादित पल्ल्यातच मिळतो. म्हणून बोरघाटासारखा चढ चढताना चाकांना कमी वेग व अधिक पीळ, तर सपाट रस्त्यावर अधिक वेग व कमी पीळ मिळेल अशी गुणोत्तरे दंतचक्रपेटीत ठेवावी लागतात [⟶ दंतचक्र, मोटारगाडी].

पानार व लव्हासॉर या फ्रेंच कंपनीने १८९० च्या दशकात प्रचारात आणलेल्या पेटीत दंतचक्रे अक्षदंडावर सरकवून एकमेकांत अडकविली जात. क्लच दाबून एंजिन सुटे करणे, दोन्ही दंतचक्रांच्या वेगांचा कानाने अंदाज घेणे व नेमक्या क्षणी दांडा सरकविणे ही त्या काळी चालकाची मुख्य विद्या होती. अंदाज चुकला की दाते खरखरत, कधी तुटतही. अमेरिकेत अर्ल टॉम्पसन या अभियंत्याने जोडावयाच्या दंतचक्रांचे वेग घर्षण-शंकूंच्या साहाय्याने आधीच सारखे करण्याची युक्ती काढली. ती १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आली. तिच्यामुळे खरखर थांबली. परंतु क्लच, दांडा व निर्णय ही तिन्ही कामे चालकाकडेच राहिली.

द्रवाने जोडणी : पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोटारींच्या नव्हे, तर जहाजांच्या क्षेत्रातून आले. जहाजाचे टरबाइन अतिशय वेगाने फिरते, तर पाण्यातील मळसूत्री पंखा सावकाश फिरावा लागतो. ही अडचण सोडविण्यासाठी श्टेटीन येथील जहाज कारखान्यातील जर्मन अभियंते हेरमान फटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाद्वारे शक्ती पोहोचविणाऱ्या यंत्रणेचे एकस्व घेतले. तिच्यात समोरासमोर ठेवलेली पाती असलेली दोन चक्रे बंद पेटीत तेलामध्ये फिरतात. एंजिनाला जोडलेले चक्र तेल बाहेर फेकते व त्या तेलाच्या वेगाने दुसरे चक्र फिरू लागते. दोहोंत धातूचा स्पर्श नसल्यामुळे गाडी उभी असताना एंजिन चालूच राहू शकते आणि गाडी हळुवारपणे निघते.

या दोन चक्रांच्या मध्ये तेलाचा प्रवाह योग्य दिशेने वळविणारे, एकाच दिशेने फिरू शकणारे तिसरे चक्र बसविले असता चाकांकडे जाणारा पीळ वाढतो. या रचनेला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी सुटताना ही रचना पीळ साधारणतः दुप्पट किंवा किंचित अधिक करते. दोन्ही चक्रांचे वेग जवळ येत गेले म्हणजे तिसरे चक्र मोकळे फिरू लागते व पिळाची वाढ थांबते. मात्र तेलाच्या घसरणीत काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जुन्या स्वयंचलित मोटारी अधिक इंधन पितात अशी जी ख्याती झाली तिचे हे एक प्रमुख कारण होय.

ग्रहीय दंतचक्र-मालिका : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रहीय मालिकेत सापडले. हिच्यात मध्यभागी सूर्य चक्र, त्याभोवती फिरणारी ग्रह चक्रे, ती धरून ठेवणारा ग्रहवाहक व सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले वलय चक्र असते. सर्व दाते सदैव एकमेकांत गुंतलेले असतात. कोणतेही चक्र सरकवावे लागत नाही. कोणता भाग स्थिर धरला यावर गुणोत्तर ठरते. उदा., सूर्य चक्रास ३० व वलय चक्रास ६० दाते आहेत असे मानू. वलय चक्र धरून सूर्य चक्र फिरविल्यास त्याच्या ३ फेऱ्यांना ग्रहवाहकाचा १ फेरा होतो. सूर्य चक्र धरून वलय चक्र फिरविल्यास दीड फेऱ्याला १ फेरा होतो. कोणतेही दोन भाग एकमेकांना जखडले तर सर्व मालिका एकसंध फिरते आणि गुणोत्तर १ : १ होते. ग्रहवाहकच धरून ठेवला तर गती उलट दिशेने मिळते. म्हणजे गाडी मागे नेण्याची सोयही तीच मालिका करते.

अशा मालिकेत गुणोत्तर बदलणे म्हणजे एक पट्टा किंवा क्लच सैल करणे व दुसरा आवळणे एवढेच असते. हेन्री फोर्ड यांच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’ मोटारीत दोन वेगांची अशी मालिका होती व तिचे पट्टे चालक पायाने आवळीत असे. ब्रिटनमध्ये वॉल्टर विल्सन यांनी पूर्वनिवडीची ग्रहीय पेटी तयार केली. तीत चालक पुढचा गिअर आधीच निवडून ठेवी व योग्य वेळी पायपट्टी दाबताच तो लागे. डेमलर कंपनीने १९३० मध्ये ही पेटी द्रवीय युग्मकाशी जोडली. त्यामुळे पहिले दोन प्रश्न एकाच मोटारीत सुटले. तिसरा मात्र तसाच राहिला.

संस्थानी मोटारी : याच संक्रमणकाळातील तंत्रविद्येचा एक नमुना महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (कार. १९२२–४०) यांच्या काळातील मायबाख ही जर्मन मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यात कोल्हापूरकरांना पाहावयास मिळते. मायबाख कंपनी १९३० च्या दशकात आपल्या मोटारींना जी विशेष पेटी बसवीत असे, तिच्यात सुकाणू चक्राच्या मध्यभागी असलेल्या लहान दांड्यांनी गिअर निवडला जाई. नंतर चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय क्षणभर उचलला की एंजिनाच्या शोषणामुळे निर्माण होणाऱ्या अंशतः निर्वाताच्या बळावर गिअर बदले. क्लच गाडी सुरू करतानाच लागे. हाताचे कष्ट असे यंत्राने घेतले. केव्हा बदलावयाचे हे मात्र गाडी हाकणाऱ्या शोफरनेच ठरवावयाचे होते. मालक मागे बसत असल्याने धक्का न जाणविणे ही त्या काळी चालकाच्या कौशल्याची खूण मानली जाई.

निर्णयाचे यांत्रिकीकरण : तिसरा प्रश्न टॉम्पसन यांच्याच नेतृत्वाखालील गटाने सोडविला. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये जाहीर केलेली ‘हायड्रामॅटिक’ पेटी १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत व त्यानंतर १९४१ च्या कॅडिलॅकमध्ये आली. द्रवीय युग्मक व ग्रहीय मालिका मिळून तीत पुढे जाण्याचे चार वेग होते. पहिल्याचे गुणोत्तर ३·८२ : १ होते. क्लचची पायपट्टी नाहीशी झाली.

हिच्यातील निर्णयाची पद्धत साधी पण मार्मिक होती. गाडीच्या वेगाबरोबर फिरणारा केंद्रोत्सारी नियंत्रक वेगाच्या प्रमाणात तेलाचा दाब वाढवितो. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबलेला असेल त्या प्रमाणात दुसरा दाब निर्माण होतो. हे दोन दाब एका सरकत्या झडपेच्या दोन टोकांवर परस्परविरुद्ध कार्य करतात. वेगाचा दाब वरचढ झाला की झडप सरकते, तेल पुढील क्लचकडे जाते व वरचा गिअर लागतो. चालकाने पाय जोराने दाबला तर विरुद्ध दाब वाढून हा बदल उशिरा होतो किंवा खालचा गिअर पुन्हा लागतो. वर जाण्याचा वेग हा खाली येण्याच्या वेगापेक्षा मुद्दाम अधिक ठेवलेला असतो. अन्यथा त्या सीमेवर पेटी सारखी वरखाली करीत राहील. तेलाच्या वाटांच्या या चक्रव्यूहास एक प्रकारचे गणनयंत्रच म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘एम ५ स्टुअर्ट’ रणगाड्यांत कॅडिलॅक एंजिनांबरोबर हायड्रामॅटिक पेट्या वापरल्या गेल्या. युद्धानंतर ब्यूइकने १९४८ मध्ये टॉर्क कन्व्हर्टर मोटारींत आणला. पॅकार्डने १९४९ मध्ये समवेगाने जाताना त्या कन्व्हर्टरला क्लचने जखडून घसरण टाळण्याची सोय केली. स्वतःच्या कारागिरीबद्दल अभिमान बाळगणाऱ्या रोल्स-रॉइसनेही १९५० च्या दशकाच्या आरंभी हायड्रामॅटिक पेटी स्वीकारली व ती परवान्याखाली बनविली. क्रायस्लरने १९५६ मध्ये हॉवर्ड सिंपसन यांच्या जोडमालिकेवर आधारलेली तीन वेगांची पेटी आणली. मर्सिडीज-बेंझची स्वतःची चार वेगांची पेटी १९६१ मध्ये आली.

प्रत्यक्ष बदल : गिअर बदलण्याची क्रिया सेकंदाच्या अल्प भागात घडते, पण तिचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात नवा क्लच हळूहळू पीळ उचलू लागतो व जुना सोडू लागतो. एंजिनाचे फेरे अद्याप बदललेले नसतात. दुसऱ्या टप्प्यात नवा क्लच एंजिनाचे फेरे नव्या गुणोत्तराशी जुळेपर्यंत खाली ओढतो. जुना क्लच आधीच सुटला तर एंजिन क्षणभर मोकळे होऊन गुरगुरते. उशिरा सुटला तर दोन्ही क्लच एकमेकांशी झगडतात व गाडीला हिसका बसतो. महागड्या मोटारीत बसणाऱ्यास गिअर बदलल्याचे कळतही नाही, याचे श्रेय या देवघेवीच्या अचूकतेस आहे. पूर्वी हे काम तेलाचा दाब मवाळ करणाऱ्या स्प्रिंगा व दट्ट्ये करीत. १९८० च्या दशकापासून ते इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे गेले. त्याच्या आज्ञेने विद्युत् चुंबकीय झडपा दाब नियंत्रित करतात आणि बदल होत असताना एंजिनाचा पीळही क्षणभर कमी केला जातो. मर्सिडीज-बेंझने १९९६ मध्ये पाच, २००३ मध्ये सात व २०१३ मध्ये नऊ वेगांच्या अशा पेट्या आणल्या.

महाराष्ट्रातील प्रसार : भारतात ही यंत्रणा दीर्घकाळ दुर्मिळ राहिली. मोटारींची किंमत, इंधनाचा खर्च व दुरुस्तीची अडचण ही त्याची कारणे होत. साधी पेटी तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्ये खोलता येते. स्वयंचलित पेटीला विशिष्ट तेल, कमालीची स्वच्छता व तपासणीची खास उपकरणे लागतात. सर्वसामान्य मराठी कुटुंबास बिनगिअरच्या वाहनाची ओळख मोटारीने नव्हे, तर १९८० च्या दशकात पुण्याच्या फिरोदिया उद्योगसमूहाने जपानी सहकार्याने काढलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने करून दिली. तिच्यात पट्टा व कमी-जास्त व्यासाच्या कप्प्या यांद्वारे गुणोत्तर अखंडपणे बदलत असे.

महागड्या मोटारींची जुळणी उदारीकरणानंतर राज्यात सुरू झाली. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात व २००९ पासून चाकण येथे स्वतःच्या कारखान्यात हे काम केले. मराठवाड्यात औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे स्कोडाच्या कारखान्यात २००७ पासून ऑडी मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. सामान्य ग्राहकापर्यंत मात्र वेगळी आणि स्वस्त रचना पोहोचली. तीत नेहमीचीच पेटी व क्लच ठेवून ते हलविण्याचे काम संगणकनियंत्रित दट्ट्यांवर सोपविले जाते. २०१४ ची मारुती सेलेरिओ व २०१५ ची महिंद्रची टीयूव्ही ३०० ही तिची उदाहरणे होत. तिच्यात बदलाच्या वेळी शक्तीचा प्रवाह तुटतो, म्हणून बदल जाणवतो. पण किंमत आवाक्यात राहते. शहरांतील दाट रहदारीत श्रम वाचणे आणि डाव्या पायाने अधू असलेल्या व्यक्तीस गाडी चालविता येणे, हे या यंत्रणांचे मोठे सामाजिक लाभ आहेत.

मर्यादा व मूल्यमापन : वेग व भार यांचे मापन करणारी जुनी यंत्रणा रस्ता पाहू शकत नव्हती. घाटातील वळणाआधी चालकाने पाय उचलला की ती वरचा गिअर लावी आणि वळण संपताच पुन्हा खाली येई. उतारावर तर वरच्या गिअरमुळे एंजिनाचा अवरोध कमी होऊन ब्रेक तापत. म्हणूनच खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय सर्व पेट्यांत ठेवावी लागली व घाटात ती वापरण्याचे भान चालकास आजही हवे. चढ-उतार ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनीय यंत्रणांनी ही उणीव बरीचशी भरून काढली. रोल्स-रॉइसने २०१३ मध्ये ‘रेथ’ मोटारीत उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या स्थाननिश्चितीवरून पुढील वळण व चढ ओळखून गिअर निवडणारी पेटी आणली. पुढचे पाहून निर्णय घेणे हे चालकाचे उरलेले वैशिष्ट्य होते. तेही अशा रीतीने यंत्राच्या आवाक्यात आले.

विद्युत् मोटारीत हा प्रश्नच बहुतांशी मावळतो. चाकण येथे २०२२ पासून जुळणी झालेल्या मर्सिडीज ईक्यूएस या विद्युत् मोटारीस एकच स्थिर गुणोत्तर पुरते, कारण विद्युत् चलित्र शून्य फेऱ्यांपासून पूर्ण पीळ देते. सुमारे शतकभराच्या प्रयत्नांनी चालकाचे जे कौशल्य यंत्रात उतरविले, त्याची गरज अंतर्ज्वलन एंजिनाच्या एका मूलभूत उणिवेतून निर्माण झाली होती. ती उणीव नसलेल्या वाहनात कुशल चालक आणि कुशल पेटी या दोहोंचेही ते काम संपते. रस्त्यावरील असंख्य एंजिनांच्या बाबतीत मात्र ते अद्याप चालू असून, ते कसे घडते हे जाणणारा चालकच यंत्राकडून योग्य काम करून घेऊ शकतो.