ओढीचे घोडे (एकोणिसाव्या शतकातील चित्रकलेत)

गाडी, नांगर किंवा कालव्यातली नाव ओढणारा घोडा हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज व फ्रेंच चित्रकारांचा आवडता विषय. त्याआधी चित्रातला घोडा बहुधा राजाचा, सेनापतीचा किंवा शर्यतीच्या शौकिनाचा असे. जनावर देखणे, पण मान धन्याचा.

जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’मध्ये (१८२१) रिकामी गाडी ओढणारे घोडे स्टाउर नदीच्या उथळ पाण्यात उभे आहेत. त्याच्याच ‘द लीपिंग हॉर्स’मध्ये (१८२५) नाव ओढणारा घोडा काठावरचा अडसर ओलांडतो. गुरे भटकू नयेत म्हणून असे अडसर घातलेले असत आणि घोड्यांना ते ओलांडायला शिकवलेले असे. तेओदोर जेरिकोने १८२१च्या लंडनमधील शिळाछापांत कोळशाच्या गाड्यांचे घोडे रेखाटले. त्यांचे रुंद पुठ्ठे आणि खाली गेलेल्या माना पाहिल्या की ओझ्याचे वजन कळते.

या विषयाचे शिखर म्हणजे रोझा बॉनरचे ‘द हॉर्स फेअर’ (१८५२–५५). १८५३च्या पॅरिस सलाँमध्ये ते प्रथम मांडले गेले. पॅरिसच्या घोडेबाजारात ती पुरुषी वेशात जाऊन रेखाटने करी. त्या वेशासाठी पोलिसांचा परवाना लागे. सुमारे अडीच मीटर उंच आणि पाच मीटर रुंद असा कॅनव्हास तोवर युद्धांना आणि पुराणकथांना मिळत असे. तिने तो पेर्शरों जातीच्या बाजारू घोड्यांना दिला, आणि हेच या चित्राचे खरे धाडस. १८८७पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

आपल्याकडे शेती आणि मालवाहतूक बैलांवर चाले, घोडा स्वारीचा. जबलपूरच्या मदन महाल या गोंडकालीन गढीच्या परिसरात तबेल्याचे अवशेष दाखवतात, तेही राजाच्या घोड्यांचे. ओढकामाचा घोडा ठळक झाला तो मुंबईत. ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांची ट्रॅम सुरू झाली; १९०७मध्ये विजेची ट्रॅम आली, त्याआधीच घोडे जुंपणे थांबले होते. व्हिक्टोरिया या घोडागाड्या मात्र पुढेही धावत राहिल्या.

त्या काळच्या मुंबईने पुतळा उभारला तो स्वारीच्याच घोड्याचा. जोसेफ एडगर बोह्म याने घडवलेला, युवराज एडवर्डला पाठीवर घेतलेला हा काळा घोडा १८७९मध्ये बसला आणि परिसराला नाव देऊन गेला. ट्रॅमचे घोडे रस्त्यांच्या छायाचित्रांत येतात, पण गर्दीचा तपशील म्हणून.

कष्टकरी जनावरांकडे आस्थेने पाहणारा एक कलावंत मात्र याच शहरात होता. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ या काळात जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवत असे. पुढे लाहोरला गेल्यावर त्याने ‘बीस्ट अँड मॅन इन इंडिया’ (१८९१) हे सचित्र पुस्तक लिहिले. त्यात घोडे-खेचरांना आणि गाई-बैलांना स्वतंत्र प्रकरणे आहेत, शिवाय भारतीय कलेतील प्राण्यांवरही एक आहे. या विषयाच्या अभ्यासकाने भारतापुरती सुरुवात याच पुस्तकापासून करावी.