सुरतला घर घेताय? बँकेच्या तपासणीवर थांबू नका

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ही नावं नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या माणसाला परकी नाहीत. रोजगारासाठी गेलेली कितीतरी खान्देशी कुटुंबं आता तिकडेच स्वतःचं घर बघतात. मात्र 'बँकेनं लोन पास केलं, म्हणजे घर चांगलं' हा समज महागात पडू शकतो. बँकेचा व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. कर्ज थकलं तर घर विकून किती पैसे निघतील, एवढाच त्याचा हिशोब. बीमला तडा आहे का, हे शोधणं त्याचं काम नव्हे. घेणाऱ्याला आपली तपासणी वेगळीच करावी लागते. ती कोणती, हे घर कसलं आहे त्यावर ठरतं.

रो-हाऊस किंवा सोसायटीतला प्लॉट असेल तर आधी नंबर बघा. आपल्याकडे गट नंबर सांगितला की काम होतं. सुरतला एकाच जमिनीला सर्व्हे किंवा ब्लॉक नंबर असतो आणि टी.पी. स्कीम, म्हणजे नगररचना योजना लागू झाली की वेगळा एफ.पी. नंबर, म्हणजे फायनल प्लॉट नंबर मिळतो. या योजनेत रस्ते, बागा, शाळांसाठी प्रत्येकाच्या जमिनीतून हिस्सा कापतात आणि उरलेली जमीन नव्या आकारात देतात. ती कधी मूळ जागेवर असते, कधी सरकून दुसरीकडे. त्यामुळे विकणाऱ्याच्या हातातला सातबारा खरा असला तरी तुम्ही उभे आहात ती जागा योजनेत रस्त्याची निघू शकते! म्हणून एफ फॉर्म आणि पार्ट प्लॅन मागा, महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळा, मगच सर्व्हेअरकडून मोजणी करून घ्या. सातबारा एनीआरओआर या सरकारी पोर्टलवर फुकट दिसतो. तो गुजरातीत असतो, वाचणारा सोबत घ्या.

मालकीचा शोध वकिलाचं काम. साधारण ३० वर्षांचे व्यवहार बघून तो टायटल रिपोर्ट देतो. जमीन बिनखेती आहे का, नवी शर्तीची तर नाही ना, हे त्याला स्पष्ट विचारा. लिंबायतसह शहराच्या काही भागांत अशांत धारा लागू आहे. तिथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते. आणि स्टँपपेपरवर नोटरी, पॉवर, कब्जा रसीद असा स्वस्त सौदा कुणी दाखवला तर? अशा कागदानं मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय. वेरा बिल, म्हणजे आपली घरपट्टी, हाही मालकीचा पुरावा नाही.

जुना फ्लॅट असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. सचिनजवळच्या पाली गावात ६ जुलै २०२४ रोजी बहुमजली इमारत कोसळून सात जण गेले. ती काही शंभर वर्षांची नव्हती, दहा वर्षांच्या आतलीच. इंजिनिअरला नुसता फ्लॅट दाखवू नका. पार्किंगमधले कॉलम, गच्ची, पाण्याची टाकी, बाहेर आलेल्या गंजक्या सळया सगळं दाखवा. महापालिकेची बी.यु. परमिशन, म्हणजे इमारत वापराचा दाखला, तर हवाच. नवा फ्लॅट असेल तर गुजरात रेराच्या साईटवर प्रोजेक्ट शोधा. रेराखालच्या प्रोजेक्टमध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो.

हे सगळं बानाखताच्या, म्हणजे आपल्या साठेखताच्या आधी. इसार दिल्यावर दोष निघाला तर पैसे सोडवताना नाकी नऊ येतात.

राहिला पाण्याचा प्रश्न. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं निम्म्याहून जास्त सुरत बुडालं होतं. तापी दूर असली तरी खाड्यांचं पाणी पावसाळ्यात वस्तीत शिरतं. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये धड येत नाही. तळमजल्यावरच्या जुन्या भाडेकरूला विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.